‘बुलडाणा’ की ‘बुलढाणा’? कोड लिहिताना असे वाद यंत्राकडे का सोपवले जातात?

बुलडाणा की बुलढाणा? विदर्भातल्या या जिल्ह्याचं नाव मराठीत दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. इंग्रजीतही तीच गत. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत जिल्ह्याच्या इंग्रजी नावात ‘एच’ हे अक्षर नाही, तर जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात ते आहे.

माणसांचं यामुळे काही अडत नाही. एसटीत कुणी ‘बुलडाणा’ म्हटलं काय किंवा ‘बुलढाणा’ म्हटलं काय, कंडक्टर तिकीट एकच देतो. संगणकाचं मात्र तसं नाही. जनगणनेचा तक्ता आणि पावसाचा तक्ता जिल्ह्याच्या नावावरून एकमेकांना जोडायचा असेल, तर एका अक्षराच्या फरकाने त्याच्या लेखी ते दोन वेगळे जिल्हे होतात. अनेकदा तो तक्रारही करत नाही. बुलढाण्याच्या पुढचा पावसाचा रकाना नुसता रिकामा ठेवतो आणि पुढे जातो.

असा घोळ टाळायचा उपाय सोपा आहे. दोन्हींपैकी एक रूप ठरवायचं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. (या लेखात ‘बुलढाणा’ हे रूप वापरलं आहे.) ठरवणं सोपं, पण पाळणं कठीण. शेकडो अनोळखी माणसं एकाच कामावर लिहीत असतील तर आणखीच कठीण. ओपन सोर्स सॉफ्टवेअर नेमकं असंच तयार होतं. म्हणूनच तिथे नियम पाळले जातात की नाही, हे पाहण्याचं काम माणसांकडून काढून यंत्राकडे दिलं जातं. याला म्हणतात कोडच्या शैलीची स्वयंचलित तपासणी.

ती कशी चालते, तिने काय साधतं आणि काय साधत नाही?

गावाच्या पाण्याचा हिशोब आणि एक ओळ

आधी एक जवळचं उदाहरण पाहू. राज्य सरकारने २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ सुरू केला. गावाकडे तो ‘पोकरा’ या नावाने ओळखला जातो. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं त्यात होती. बुलढाणा त्यातलाच एक जिल्हा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टाही या प्रकल्पात होता. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागात विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट निघतं, त्यामुळे तिथे पावसाच्या पाण्याचा हिशोब फार मोलाचा.

हा हिशोब म्हणजे गावाच्या पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, त्यातलं किती पाणी वाहून गेलं, किती मातीत मुरलं, पिकाने किती घेतलं आणि जमिनीखाली किती उतरलं. आयआयटी मुंबईच्या गटाने या प्रकल्पासाठी हा ताळेबंद मांडायची पद्धत तयार केली आणि ‘क्यूजीआयएस’ या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर चालणारं प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, विकसित केलं. क्यूजीआयएस हे ओपन सोर्स आहे. त्याचं कोड कुणीही पाहू शकतं, वापरू शकतं आणि बदल सुचवू शकतं. त्याची बहुतेक प्लगइन पायथन या भाषेत लिहिलेली असतात.

आता अशा ताळेबंदाचा एक काल्पनिक तुकडा मराठीत मांडून पाहू:

प्रत्येक दिवसासाठी:
    जर पाऊस पडला असेल तर:
        वाहून गेलेलं पाणी मोजा
        मातीतली ओल वाढवा
    पिकाने घेतलेलं पाणी ओलीतून वजा करा

पायथनमध्ये ओळ समासापासून किती आत सरकवली आहे, यावरून ती कोणत्या अटीखाली येते हे ठरतं. वरच्या तुकड्यात शेवटची ओळ ‘जर’च्या बाहेर आहे. म्हणजे पीक रोज पाणी घेतं, पाऊस पडो वा न पडो.

तीच ओळ चुकून चार जागा आत सरकली तर?

प्रत्येक दिवसासाठी:
    जर पाऊस पडला असेल तर:
        वाहून गेलेलं पाणी मोजा
        मातीतली ओल वाढवा
        पिकाने घेतलेलं पाणी ओलीतून वजा करा

आता पीक फक्त पावसाच्या दिवशी पाणी पितं. पावसाने तीन आठवडे ओढ दिली तरी प्रोग्रॅमच्या लेखी मातीतली ओल जशीच्या तशी. सोयाबीन करपायला लागलेलं असताना नकाशावर गाव हिरवंगार. प्रोग्रॅम बंद पडत नाही, कुठे लाल अक्षरं उमटत नाहीत. उत्तर फक्त चुकीचं येतं.

अशी चूक पकडणारा माणूस म्हणजे बदल तपासणारा परीक्षक. त्याची नजर या एका ओळीपर्यंत पोहोचते की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. शैलीच्या तपासणीचा खरा उपयोग इथे आहे.

शैली म्हणजे नेमकं काय?

एकच सूचना संगणकाला अनेक प्रकारे लिहून देता येते. ओळ आत सरकवायला दोन जागा सोडायच्या की चार? जागा सोडायच्या की ‘टॅब’ वापरायचा? ओळ किती लांब असावी? कंस त्याच ओळीत की पुढच्या? नावं कशी ठेवायची? बहुतेक वेळा यामुळे प्रोग्रॅमच्या कामात फरक पडत नाही. वाचणाऱ्याला मात्र पडतो.

मराठी वाचकांना ही गोष्ट नवी नाही. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले शुद्धलेखनाचे १४ नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यापूर्वीही लोक मराठी लिहीत होते आणि एकमेकांना समजतही होती. पण पाठ्यपुस्तकं, सरकारी कागदपत्रं, छापखाने यांना एक ठरलेली रीत हवी होती.

प्रोग्रॅमिंगमध्येही प्रत्येक भाषेच्या अशा रीती ठरत गेल्या. पायथनची शैलीपुस्तिका ‘पेप-८’ या नावाने २००१ मध्ये आली. आत सरकवायला चार जागा सोडा, ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवा, असे नियम त्यात आहेत. लिनक्सच्या गाभ्याची रीत वेगळी. तिथे आठ अक्षरांएवढ्या रुंदीचा टॅब वापरतात. दोन्हींपैकी बरोबर कोणतं, या प्रश्नाला अर्थ नाही. एका प्रकल्पात एकच रीत असावी, एवढंच महत्त्वाचं.

माणसानेच तपासलं तर काय बिघडतं?

समजा, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीने अशा एखाद्या प्लगइनमध्ये सुधारणा केली. खारपाणपट्ट्यातल्या मातीसाठी तिने वेगळा हिशोब जोडला. बदल पाठवला. ओपन सोर्सच्या भाषेत याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात, म्हणजे ‘माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी विनंती.

तिच्या संगणकावरच्या संपादकाने फाइल साठवताना सगळ्या ओळींची मांडणी आपल्या पद्धतीने बदलून टाकली. तिने लिहिल्या बारा ओळी, पण परीक्षकासमोर आल्या चारशे बदललेल्या ओळी. त्यातल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी नुसत्या मोकळ्या जागांच्या. मातीच्या हिशोबातली चूक, असली तर, उरलेल्या बारांत आहे. गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखं हे काम.

परीक्षक बहुतेकदा नोकरी-धंदा सांभाळून रात्री हे काम करणारा स्वयंसेवक असतो. तो लिहितो, ‘इथे एक जागा जास्त आहे’, ‘हे नाव आपल्या पद्धतीत नाही’, ‘ही ओळ लांब झाली’. वीस सूचना होतात. विद्यार्थिनी त्या दुरुस्त करते, आणखी सात येतात. आठवडा जातो. मूळ प्रश्न, म्हणजे खारट मातीसाठी लावलेला आकडा बरोबर आहे का, हा कुणी विचारलेलाच नसतो. वरून एका परीक्षकाने खपवून घेतलेली गोष्ट दुसरा अडवतो आणि ‘माझ्याच कोडला नावं का ठेवतात?’ असं नव्या माणसाला वाटू लागतं.

यंत्राने ‘एक जागा जास्त आहे’ म्हटलं तर कुणाला राग येत नाही. ते नवख्यालाही तेच सांगतं आणि वीस वर्षं जुन्या जाणत्यालाही तेच.

‘लिंट’ म्हणजे कापसाचा की कोडचा?

ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतलं कोड तपासणारा एक प्रोग्रॅम तयार केला. त्याचं नाव ‘लिंट’. खामगावच्या कापूस बाजारात हा शब्द कुणाला सांगायची गरज नाही. सरकी काढून उरलेल्या रुईला व्यापारात लिंटच म्हणतात. प्रोग्रॅमचं नाव मात्र कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तंतूंवरून पडलं. कपडा चांगला आहे, फक्त त्यावरचे तंतू झटकायचे.

आज या कामासाठी दोन प्रकारची अवजारं आहेत.

लिंटर कोड वाचतो आणि खटकणाऱ्या जागा दाखवतो. हे नाव ठरवलं पण कुठे वापरलं नाही, ही ओळ कधीच चालणार नाही, इथे नियम मोडला. जावास्क्रिप्टसाठी २०१३ पासूनचं ‘ईएसलिंट’ आणि पायथनसाठी २०२२ मध्ये आलेलं ‘रफ’ ही यातली गाजलेली नावं.

फॉर्मॅटर विचारत बसत नाही, मांडणी स्वतःच बदलून देतो. गो या भाषेसोबत आलेल्या ‘गो-एफएमटी’ने ही सवय रुजवली. जावास्क्रिप्टमध्ये २०१७ ला ‘प्रिटिअर’ आणि पायथनमध्ये २०१८ ला ‘ब्लॅक’ आलं. ‘ब्लॅक’ने वापरणाऱ्यांना निवडी जवळजवळ ठेवल्याच नाहीत. ओळीची लांबी ८८ अक्षरं, बाकीचं अवजार ठरवणार. आवडो न आवडो, वाद मिटतो. सगळ्या प्रकल्पाचं कोड एकाच हाताने लिहिल्यासारखं दिसतं.

हे चालतं कसं?

बहुतेक प्रकल्पांत चार पायऱ्या असतात.

एक, नियम कोडसोबतच ठेवणं. कोणतं अवजार वापरायचं, त्याची कोणती आवृत्ती, कोणते नियम चालू आणि कोणते बंद, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहून ती फाइल कोडसोबतच ठेवतात. नियम कुणा एकाच्या डोक्यात राहत नाहीत. नियम बदलायचा तर तोही सगळ्यांसमोर चर्चेला येतो.

दोन, घरच्या घरी तपासणी. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं ‘गिट’ हे अवजार प्रत्येक नोंदीआधी, म्हणजे ‘कमिट’आधी, एखादा प्रोग्रॅम चालवू शकतं. ‘प्री-कमिट’ नावाचं अवजार हीच सोय वापरतं. मांडणी चुकली असेल तर ती तिथेच सुधारली जाते. शेगावच्या विद्यार्थिनीचा बदल तिच्या लॅपटॉपवरून बाहेर पडायच्या आतच नीटनेटका झालेला असतो.

तीन, सर्व्हरवर तपासणी. घरची पायरी कुणी टाळू शकतं. म्हणून बदल पोहोचल्यावर तीच तपासणी एका कोऱ्या, तात्पुरत्या संगणकावर पुन्हा होते. गिटहबवर ‘अ‍ॅक्शन्स’ ही सुविधा हे काम करते आणि खुल्या प्रकल्पांना ती मोफत आहे. काही मिनिटांत हिरवी खूण किंवा लाल फुली दिसते.

चार, दरवाजा. लाल फुली असेपर्यंत बदल मुख्य कोडमध्ये घेता येणार नाही, असा नियम लावता येतो. हिरवी खूण आल्यावरच परीक्षक वाचायला बसतो. तोपर्यंत चारशे ओळींच्या बारा झालेल्या असतात.

गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या आणि आता जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेल्या क्यूजीआयएसमध्ये हीच रीत आहे. तिथे नावांचेही नियम आहेत. क्लासचं नाव ‘क्यूजीएस’ या अक्षरांनी सुरू होतं आणि क्लासमधल्या सदस्य चलाच्या आधी ‘एम’ लावतात. मांडणीखेरीज फाइलमध्ये परवान्याचा मजकूर आहे का आणि शब्दांची स्पेलिंग बरोबर आहेत का, हेही यंत्र तपासतं.

मांडणीमुळे खरंच काही बिघडतं का?

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोन आणि मॅकसाठी घाईने सुधारणा पाठवाव्या लागल्या. सुरक्षित इंटरनेट जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा पडली होती. ‘तपासणी नापास झाली तर थेट शेवटी जा’ हा पहिल्या ओळीचा अर्थ. दुसरी ओळही तितकीच आत सरकवलेली असल्याने तीही त्याच अटीखाली आहे असं डोळ्यांना वाटत होतं.

पण ते कोड सी भाषेतलं होतं. सीमध्ये आत सरकवण्याला अर्थ नसतो, महिरपी कंसांना असतो, आणि इथे कंस नव्हते. त्यामुळे दुसरी ओळ कोणत्याही अटीविना दरवेळी चालायची. उरलेल्या तपासण्या टाळून कोड थेट शेवटी उडी मारायचं आणि ‘सगळं ठीक’ असं उत्तर द्यायचं. समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे तपासलंच जात नव्हतं.

अटीखाली एकच ओळ असली तरी कंस घाला, एवढा साधा नियम यंत्राने पाळायला लावला असता, तर ही दुसरी ओळ इतकी बेमालूम लपली नसती. पुढे २०१६ मध्ये ‘जीसीसी’ या प्रसिद्ध कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीबद्दल इशारा देणारी सोय आली.

मराठीत लिहिणाऱ्यांची वेगळी अडचण

बहुतेक अवजारं इंग्रजी कोड डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत. कोडमध्ये मराठी मजकूर आला, उदाहरणार्थ गावांची नावं किंवा शेतकऱ्याला दिसणारे संदेश, की काही नियम अडखळतात.

पहिली अडचण मोजण्याची. ‘बुलढाणा’ या शब्दात मराठी वाचकाला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र काना, उकार वेगळे मोजले जातात, म्हणून ती सात होतात. साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत त्याच शब्दाला २१ बाइट लागतात. त्यामुळे ओळ ८८ च्या आत ठेवा म्हटल्यावर नेमकं काय मोजायचं, असा प्रश्न उभा राहतो.

दुसरी अडचण अदृश्य चिन्हांची. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की लिपीची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हं वापरून माणसाला एक आणि संगणकाला दुसरंच दिसेल असं कोड लिहिता येतं. त्यानंतर अशी चिन्हं शोधणाऱ्या तपासण्या वाढल्या आणि ते योग्यच आहे. पण कुणी सरसकट सगळ्याच अदृश्य चिन्हांवर बंदी घातली, तर मराठीची पंचाईत होते. सातपुड्यातल्या ‘दऱ्या’ लिहिताना लागणारा अर्धा र जुन्या पद्धतीत एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधारानेच लिहिला जातो. नियमाने ते काढून टाकलं, तर दऱ्यांचा ‘दर्या’ होतो.

तिसरी अडचण दिसायला एक, पण साठवणीत दोन असलेल्या अक्षरांची. नुक्ता दिलेला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर फरक शून्य. शोधताना मात्र बुलडाणा-बुलढाण्यासारखीच गत, आणि इथे तर डोळ्यांनाही ते कळत नाही. सगळा मजकूर एकाच रूपात आणणारी प्रक्रिया युनिकोडने ठरवून दिली आहे. ती स्वयंचलित तपासणीत बसवली की हा प्रश्न मिटतो. हे काम माणसाच्या नजरेने होणारंच नाही.

जुन्या प्रकल्पात ही पद्धत आणायची कशी?

दहा वर्षं मनमानी लिहिलेल्या कोडवर एके दिवशी फॉर्मॅटर फिरवला, तर हजारो ओळी एकदम बदलतात. कोणती ओळ कुणी आणि का लिहिली, हे पाहायला गेलं की सगळीकडे फॉर्मॅटर चालवणाऱ्याचंच नाव दिसतं. म्हणून मांडणीचा मोठा बदल एका स्वतंत्र नोंदीत करतात. त्यात दुसरं काहीही मिसळत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ आवृत्तीपासून ओळींचा इतिहास पाहताना अशा नोंदी वगळण्याची सोय आहे.

काही प्रकल्प जुन्या कोडला हातच लावत नाहीत आणि फक्त बदललेल्या फाइलींवर नियम लावतात. तेही चालतं. अवजाराची आवृत्ती मात्र पक्की ठरवून ठेवावी लागते. नाहीतर काल हिरवं असलेलं कोड अवजाराची नवी आवृत्ती आल्यामुळे आज लाल होतं आणि ज्याचा काही दोष नाही तो विद्यार्थी तासभर आपली चूक शोधत बसतो.

यंत्र स्वतः सुधारू शकतं ते माणसाला सुधारायला लावू नये, हीदेखील चांगल्या प्रकल्पांची रीत. ‘मांडणी चुकली’ एवढंच सांगणारी लाल फुली नवख्याला घाबरवते. ‘ही एक आज्ञा चालवा, सगळं आपोआप ठीक होईल’ असं सांगणारी फुली त्याला पुढे नेते.

सावधगिरीही हवी. तपासणीच्या पायऱ्या म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेले प्रोग्रॅमच असतात. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या गटाच्या एका तयार पायरीत घुसखोरांनी फेरफार केला. कोणत्या फाइली बदलल्या हे सांगणारी ही पायरी गिटहबवरचे २३ हजारांहून जास्त प्रकल्प वापरत होते. फेरफारामुळे काही प्रकल्पांच्या गुप्त किल्ल्या उघड्या नोंदींमध्ये छापल्या गेल्या. पहारेकरी ठेवला की पहारेकऱ्यावरही नजर ठेवावी लागते.

हिरवी खूण म्हणजे कोड बरोबर?

नाही. या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

सुरुवातीच्या पाण्याच्या ताळेबंदाकडे पुन्हा पाहा. पिकाची ओळ ‘जर’च्या बाहेर असलेला तुकडा आणि आत गेलेला तुकडा, दोन्हींची मांडणी निर्दोष आहे. दोन्हींत चार-चार जागा नीट सोडल्या आहेत. फॉर्मॅटर दोन्हींना हात लावणार नाही, लिंटर दोन्हींना हिरवी खूण देईल. पीक रोज पाणी पितं हे यंत्राला माहीत नाही. ते शेतकऱ्याला माहीत आहे, कृषी सहायकाला माहीत आहे आणि परीक्षकाला माहीत असायला हवं.

अशी चूक पकडायला वेगळ्या चाचण्या लिहाव्या लागतात. उदाहरणार्थ, ‘वीस दिवस पाऊस नसेल तर मातीतली ओल कमी झालीच पाहिजे’. ही चाचणीही पुढे यंत्रच चालवतं, पण ती सुचायला शेती कळणारा माणूस लागतो. आणि चाचणी नसेल तेव्हा शेवटचा आधार म्हणजे बदल शांतपणे वाचणारा डोळा.

शैलीची तपासणी त्या डोळ्यासाठी असते. चाळणीने खडे निघतात, दाणा कसदार आहे की नाही हे चाळणी सांगत नाही. पण खडे आधीच निघालेले असले, तर दाणे पाहणाऱ्याचा वेळ खडे वेचण्यात जात नाही.

शेगावच्या त्या काल्पनिक विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिचा बदल आता बारा ओळींचा आहे. जागा, कंस, नावं यावर कुणी काही बोलत नाही, ते यंत्राने आधीच पाहिलं आहे. परीक्षक बारा ओळी वाचतो आणि एकच प्रश्न विचारतो: ‘ही शेवटची ओळ पाऊस नसलेल्या दिवशी चालते का?’

ती पाहते. चालत नाही. ओळ चार जागा बाहेर येते आणि गावाचा हिशोब बरोबर येतो.